वॉरंटी संपली, गाडी लाखभर चालली: ठेवायची की विकायची?

माझी आधीची गाडी मी रागात विकली. डिझेल, १,१८,००० किलोमीटर चाललेली. क्लच, पुढचे दोन्ही शॉकअप आणि लोअर आर्म मिळून ४२,००० रुपयांचं बिल झालं. ते भरताना मनाने घेतलं की ही गाडी आता पैसे खाणार. दोन महिन्यांत ती विकून टाकली. नवा क्लच बसवला मी, वापरला दुसऱ्याने. घेणारे गृहस्थ साताऱ्यातलेच. पोवई नाक्यावर ती गाडी अजून दिसते, आणि दरवेळी थोडं वाईट वाटतं.

तेव्हापासून गाडीचा निर्णय मी कागदावर घेतो. ओळखीतल्या कुणी विचारलं, तर त्यांच्याकडूनही तोच कागद भरून घेतो. तो कसा भरायचा, ते पुढे सांगतोय.

१. वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी

तुमची वॉरंटी अजून शिल्लक असेल, तर आजच तारीख आणि किलोमीटर दोन्ही बघा. तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर असं लिहिलेलं असतं, तेव्हा जे आधी पूर्ण होईल तिथे वॉरंटी थांबते. रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर चालवणाऱ्याला किलोमीटरचा आकडा गाठायला वेळ लागत नाही.

स्टिअरिंगमधला बारीक आवाज, एसी मधेच गरम हवा टाकतो, काच अडकते, थंड इंजिनला गिअर जड पडतो: महिनाभर जे जे खटकतं ते लिहून काढा आणि सर्व्हिस सेंटरला जाऊन प्रत्येक तक्रार जॉब कार्डवर, म्हणजे त्यांच्या कामाच्या लेखी नोंदीवर, नोंदवून घ्या. तोंडी सांगू नका. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ असं म्हणाले तरी नोंद करायला लावा आणि प्रत जपून ठेवा. मुदत संपल्यावर तोच दोष उफाळला, तर मुदतीत केलेली ही लेखी तक्रारच तुमच्या बाजूने बोलते.

वाढीव वॉरंटी साधारणपणे मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते. टर्बो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा भरपूर इलेक्ट्रॉनिक्स असलेली गाडी आणखी तीन-चार वर्षं ठेवायची असेल, तर मी ती घेईन. साध्या पेट्रोल मॅन्युअल गाडीला तेच पैसे बाजूला ठेवणं मला जास्त पटतं.

२. मीटरवरून घाबरू नका

दोन गाड्या डोळ्यांसमोर आणा. एक सातारा-पुणे हायवेवर सरासरी ६० च्या वेगाने १,२०,००० किलोमीटर चालली. तिचं इंजिन २,००० तास फिरलं. दुसरी पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये सरासरी १८ च्या वेगाने ५४,००० चालली. तिचं इंजिन ३,००० तास फिरलं. शिवाय तिचा क्लच आणि ब्रेक दर शंभर पावलांवर वापरले गेले. मीटरवर दुसरी गाडी निम्म्याहून कमी वयाची दिसते. मेस्त्रीला विचाराल तर तो पहिली घेईल.

म्हणून कागदावर किलोमीटरच्या शेजारी ती कुठे चालली, ऑइल वेळेवर बदललं का, किती जणांनी चालवली हे लिहा. कोकणात राहत असाल तर गाडी समुद्रापासून किती दूर उभी असते, तेही लिहा.

३. गाडी लिफ्टवर घ्या

या कामाला अर्धा दिवस द्या. ज्या गॅरेजला दुरुस्तीचं काम मिळणार आहे, शक्यतो तिथे जाऊ नका. दुसऱ्या एखाद्या अनुभवी फिटरला तपासणीचे पैसे द्या आणि स्पष्ट सांगा, ‘काम आज काढायचं नाही, फक्त बघायचं आहे.’ गाडी रात्रभर थंड झालेली असू द्या, कारण सकाळचं पहिलं स्टार्टिंग खूप काही सांगून जातं.

निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय. दाट पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेल्याची शंका घ्यायची. डिझेलचा काळा धूर मात्र बरेचदा एअर फिल्टर किंवा इंजेक्टरवर येऊन थांबतो आणि दुरुस्त होतो. मग इंजिन गरम होऊन चालू असताना फिटरला ऑइल भरायचं झाकण सैल करून बघायला सांगा. तिथून धुराचे भपके सतत येत असतील, तर रिंगा आणि लायनर झिजले आहेत, म्हणजे इंजिन उघडून करायचं मोठं काम जवळ आलंय. शंका वाटली तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, करून घ्या. ऑइल किती पितं हे घरीही कळतं: सपाट जागी डिपस्टिकची पातळी बघून ठेवा, हजार किलोमीटरनंतर पुन्हा बघा. एवढ्यात लिटरभर टाकावं लागत असेल, तर ते फार झालं.

आता खालून बघा. फुटबोर्डची कड, मॅटिंगखालचा पत्रा, पुढचे शॉकअप जिथे बॉडीला बसतात ती जागा, इथे पान्याच्या मुठीने हलके ठोके मारा. घट्ट आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर आतून गंज लागलाय. मालवण, रत्नागिरी, अलिबागकडच्या गाड्यांचं इंजिन ठणठणीत असतं आणि पत्राच आधी दगा देतो. दाराच्या खालची गंजलेली कड डेंटिंग-पेंटिंगने सुधारते. शॉकअपच्या जागेचा गंज सांगाड्यात गेलेला असतो. त्यावर मी पैसे घालणार नाही.

शेवटी स्कॅनर लावून साठलेले फॉल्ट कोड वाचून घ्या. इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला टायमिंग चेन आहे की बेल्ट, तेही विचारा. बेल्ट असेल आणि कंपनीने ठरवलेल्या किलोमीटरनंतरही बदललेला नसेल, तर तो आधी बदला. चालत्या गाडीत तो तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि काही हजारांचं काम इंजिन उघडण्यावर जातं.

फिटर जे सांगेल त्याचे दोन गट करा. टायर, बॅटरी, क्लच, ब्रेक, शॉकअप, बुश, एसीचा कंडेन्सर हे झिजणारे भाग. ते प्रत्येक गाडीत बदलावे लागतात, आणि त्यांच्यासाठी गाडी विकायची नसते. माझी चूक नेमकी इथे झाली. दुसऱ्या गटात सांगाड्याचा गंज, ऑइल पिणारं इंजिन, गिअरबॉक्सच्या आतला बिघाड, पुराचं पाणी शिरलेली वायरिंग आणि कुणालाच न सापडणारा, पुन्हा पुन्हा येणारा इलेक्ट्रिकल दोष. या गटात दोन गोष्टी निघाल्या, तर पुढचा हिशेब करायचीही गरज नाही, गाडी विका.

४. पुढच्या दोन वर्षांचा हिशेब

आतापर्यंत किती खर्च केला, ते या कागदावर येऊ द्यायचं नाही. ‘परवाच चाळीस हजार घातलेत, आता कशी विकू?’ आणि ‘किती घालायचे हिच्यात?’ ही दोन्ही वाक्यं चुकीच्या वाटेने नेतात. गाडी ठेवली काय, विकली काय, गेलेले पैसे गेलेलेच आहेत. फक्त पुढची दोन वर्षं धरा.

समजा गाडीला आज तीन लाख मिळतात आणि दोन वर्षांनी २,२०,००० मिळतील. ८०,००० ची घट झाली. फिटरच्या यादीप्रमाणे क्लच १८,०००, चार टायर २२,०००, पुढचं सस्पेन्शन २०,०००, बॅटरी ६,००० आणि एसीचा कंडेन्सर ९,००० मिळून ७५,०००. अचानक निघणाऱ्या कामासाठी वर २५,००० धरा. झाले एक लाख. म्हणजे जुनी गाडी दोन वर्षं ठेवायला १,८०,००० लागतील.

आता आठ लाख एक्स-शोरूमची (रोड टॅक्स आणि विमा सोडून) नवी पेट्रोल गाडी. विम्याच्या तक्त्यात दोन वर्षांच्या गाडीची घट २० टक्के धरतात, ते १,६०,००० झाले. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे ८८,०००. पाच लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर पहिल्या दोन वर्षांत सुमारे ७५,००० व्याजात जातात. बेरीज ३,२३,०००. नव्या गाडीचा जास्तीचा विमा यात धरलेलाच नाही.

फरक १,४३,०००, म्हणजे महिन्याला जवळजवळ सहा हजार रुपये. जुन्या गाडीची दुरुस्ती एक लाखाऐवजी २,४३,००० वर गेली, तरच दोन्ही पारडी सारखी होतात. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे आकडे तुमच्या फिटरकडून आणि दोन-तीन खरेदीदारांकडून घ्या.

जुनी विकून दुसरी जुनीच घेणार असाल, तर माझा सल्ला सहसा ‘थांबा’ असतो. आपल्या गाडीचं दुखणं आपल्याला ठाऊक असतं. दुसऱ्याच्या गाडीचं आपल्या खिशातून कळतं.

५. हिशेबात न बसणाऱ्या गोष्टी

सुरक्षितता सर्वांत आधी. नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बऱ्याच बेस मॉडेलमध्ये ही दोन्ही नाहीत आणि गॅरेजमध्ये ती बसवून मिळत नाहीत. अशा गाडीतून दर आठवड्याला मुलांना घेऊन खंबाटकी घाट उतरत असाल, तर महिन्याचे सहा हजार जास्त गेले तरी मी गाडी बदला म्हणेन. तीच गाडी गावात भाजी आणायला आणि स्टँडवर जायला वापरत असाल, तर घाई नाही.

सुट्या भागांचीही चौकशी करा. शेव्हरोलेची भारतातली विक्री २०१७ मध्ये थांबली आणि फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन गुंडाळायची घोषणा केली. या गाड्या आजही छान चालतात, पण एखादा सेन्सर किंवा बंपर मिळवायला आठवडे जाऊ शकतात. रोजच्या नोकरीसाठी एकच गाडी असेल तर याचा विचार करा.

पंधरा वर्षांचं पासिंग, म्हणजे आरटीओची नोंदणी, संपत आलं असेल, तर निर्णय त्याआधी घ्या. री-पासिंग पाच-पाच वर्षांचं होतं. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० झाली आणि पर्यावरण कर वेगळा. खरेदीदार हे सगळं तुमच्या किमतीतून वजा करतो. दहा वर्षांच्या डिझेल गाडीवर बंदी येते, असं आपल्याकडेही बरेच जण समजतात, पण तो निर्बंध दिल्ली परिसरातला आहे.

६. ठेवायची ठरली तर

फिटरच्या यादीतली ब्रेक आणि स्टिअरिंगची कामं याच महिन्यात करा, बाकीची टप्प्याटप्प्याने. ब्रेक ऑइल, कूलंट आणि गिअर ऑइल बदला. वॉरंटीच्या काळात यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. सीएनजी किट असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी करावीच लागते. दर महिन्याला चार हजार रुपये वेगळ्या खात्यात टाका, म्हणजे वरच्या उदाहरणातला एक लाख दोन वर्षांत जवळपास जमतो आणि एस्टिमेट बघून राग येत नाही.

७. विकायची ठरली तर

मोठी कामं करून विकू नका, तो खर्च किमतीत पुरता वसूल होत नाही. दोष सांगा आणि तेवढी किंमत कमी घ्या. गाडी धुऊन, सर्व्हिसिंगची बिलं तारखेनुसार लावून ठेवा. पहिला मालक आणि पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड असेल, तर भाव करताना तुमची बाजू भक्कम राहते.

बँकेचा बोजा आधी उतरवा: बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५. मग मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. कोरे फॉर्म सही करून एजंटच्या हातात देऊ नका. माझ्या एका परिचितांनी तसे दिले. आठ महिन्यांनी त्यांच्या मोबाइलवर सोलापूरकडचं ई-चलान आलं, आणि गाडी कुणाकडे आहे हे एजंटलाही सांगता येईना. चलान भरता तरी येतं. अपघात झाला असता तर? आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, ज्याचं नाव, तोच भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरला देत असाल, तर तो आरटीओकडे नोंदणीकृत आहे का विचारा आणि गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याचा फॉर्म २९सी ऑनलाइन भरून घ्या.

नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सवलत, गाडीचा नसतो, तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तो नव्या गाडीच्या विम्यातल्या ‘ओन डॅमेज’ (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत सवलत देतो. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर नव्या मालकाचा टोल तुमच्या खात्यातून जाईल. चावी देताना तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहून खरेदीदाराची सही आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. नंतर महिनाभर दर आठवड्याला परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा, आणि तिथे नव्या मालकाचं नाव दिसेपर्यंत त्याला फोन करत राहा.