खान्देशातून मुंबईला जाताय? मग जमिनीखालची मेट्रो ३ समजून घ्या

जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, कुठूनही निघा, मुंबई म्हटलं की आपल्या लोकांना लोकलच आठवते, सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर, आणि जिथं लोकल जात नाही तिथं टॅक्सी. पण आता कफ परेडपासून आरेपर्यंत जमिनीखालून मेट्रो ३ धावते, अ‍ॅक्वा लाईन पण म्हणतात तिला, आणि मंत्रालय, हायकोर्ट, झवेरी बाजार, सिद्धिविनायक, एअरपोर्ट, म्हणजे आपण ज्या कामांसाठी मुंबई गाठतो त्यातली बरीचशी ठिकाणं हिच्याच वाटेवर आहेत. तरी आपल्याकडचे फार कमी लोक हिनं जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक जुनी माहिती डोक्यातून काढा. ही लाईन टप्प्याटप्प्यानं सुरू झाली, ऑक्टोबर २०२४ ला आरे ते बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, मे २०२५ ला आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ ला थेट कफ परेडपर्यंत, त्यामुळे कोणी सांगितलं की ती बीकेसीलाच संपते तर तो जुनं सांगतोय. आता पूर्ण ३३.५ किलोमीटर चालू आहे, २७ स्टेशनं, त्यातलं फक्त आरे जमिनीवर, बाकी २६ खाली. धारावी ते बीकेसी तर बोगदा मिठी नदीच्या खालून जातो. या टोकापासून त्या टोकाला साधारण तासभर लागतो, तिकीट १० ते ७० रुपये, आणि गाडी पूर्ण एसी, मे महिन्यात आपल्याकडून गेलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता मुद्द्याचं, गाडीतून उतरून मेट्रो पकडायची कुठं. अमरावती किंवा विदर्भ एक्स्प्रेसनं सकाळी गेलात किंवा धुळ्याच्या गाडीनं दुपारी, तर सरळ सीएसएमटीला उतरा, मेट्रोचं स्टेशन समोरच आहे, आझाद मैदानाच्या बाजूला. दादरला पण मेट्रो आहे पण ती पश्चिमेला, रेल्वे स्टेशनला चिकटून नाही, पूल ओलांडून बरंच चालायला लागतं, त्यामुळे सोबत जिभाऊ किंवा आजी असतील आणि पिशव्या असतील तर दादरचा मोह नको, सीएसएमटीच बरं. कुर्ला टर्मिनसला येणाऱ्या गाडीनं गेलात तर तिथं ही मेट्रो नाहीच, त्यापेक्षा तिकीट काढतानाच दादर किंवा सीएसएमटीला जाणारी गाडी बघा.

खाली गेल्यावर गोंधळ होतो तो दिशेचा. मधली सगळी स्टेशनं पाठ करायची गरज नाही, दोन टोकं लक्षात ठेवा, कफ परेड म्हणजे दक्षिण, आरे म्हणजे उत्तर. सीएसएमटीहून मंत्रालयाला जायचं तर कफ परेडची गाडी, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि मग विधान भवन, तिथं उतरायचं. हायकोर्टाचं काम असेल तर पहिल्याच हुतात्मा चौकाला उतरा. सराफ मंडळी आणि कापडवाले यांनी उलट दिशेची, आरेकडची गाडी धरायची, पुढचंच स्टेशन काळबादेवी, तिथून झवेरी बाजार आणि मुंबादेवी चालत होतं. पण एक सांगतो, आत बॅगा मशीनमधून तपासतात, माल भरून मोठे गठ्ठे घेऊन परत यायचं असेल तर ही गाडी त्यासाठी नाही.

मुंबई सेंट्रलला जाणारे हमखास चुकतात कारण त्या स्टेशनचं नाव जगन्नाथ शंकरशेट आहे. भुसावळवरून जाणारी आपली लाईन ज्या जीआयपी रेल्वे कंपनीनं टाकली, तिच्या सुरुवातीच्या संचालकांमध्ये हे नाना शंकरशेट होते, तेव्हा आपल्या माणसानं तरी हे नाव विसरू नये. नायर हॉस्पिटलला जायचं असेल तर इथंच उतरा. महालक्ष्मी स्टेशनचं मात्र उलट आहे, नाव बघून देवीच्या दर्शनाला उतराल पण मंदिर तिथून लांब आहे, टॅक्सी करावी लागते. सिद्धिविनायकाला तशी अडचण नाही, वर आलं की मंदिर जवळच.

विमानानं जाणाऱ्यांनी टी१ की टी२, म्हणजे एअरपोर्टचं टर्मिनल एक की दोन, हे विमानाच्या तिकिटावर नीट बघा, दोन्हीची स्टेशनं वेगळी आहेत, आणि टी२ म्हणजे फक्त परदेशी विमानं असं समजू नका, देशातली पण पुष्कळ विमानं तिथून सुटतात. घाटकोपरकडून येत असाल तर मेट्रो १ नं मरोळ नाक्याला या, तिथं बदलून मेट्रो ३ धरली की पुढचंच स्टेशन टी२.

तिकीट खिडकीवर मिळतं, क्यूआर छापलेला कागद देतात, तो आत जाताना दाखवायचा आणि बाहेर पडताना परत दाखवायचा, म्हणून आत गेल्यावर फेकू नका, लहान पोरांच्या हातात तर अजिबात देऊ नका. मोबाईलवर काढणार असाल तर वर असतानाच काढून स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, इतक्या खोल रेंजचा भरवसा धरू नये. आणि बाहेर पडताना घाई नको, स्टेशनला एकापेक्षा जास्त गेट असतात, ए१, बी२ असे नंबर, भिंतीवर कोणत्या गेटनं काय जवळ ते लिहिलेलं असतं, दोन मिनिटं थांबून वाचा, कारण चुकीच्या गेटनं वर आलात तर रस्त्याच्या भलत्याच बाजूला निघता आणि मुंबईचा रस्ता बॅगा घेऊन ओलांडणं म्हणजे काय ते जाणाऱ्यालाच माहीत.

टाटा आणि केईएमला पेशंट घेऊन जाणारी आपल्याकडची खूप माणसं आहेत, त्यांनी मात्र या मेट्रोच्या नादी लागू नये, ही लाईन परळला जात नाही. दादरला उतरा, पेशंटला चालवत असेल तर स्लो लोकलनं पुढचंच स्टेशन परळ, नाहीतर दादरहून सरळ टॅक्सी.