गवती चहाच्या तेलाची जिवाणूंवर चाचणी: झोनवर थांबू नका

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला गवती चहा हमखास येतो. परसात मिळतो, क्लेव्हेंजरमध्ये (वाफेवर तेल काढायचं काचेचं उपकरण) तीनेक तासांत तेल निघतं आणि स्टॅफायलोकोकस ऑरियस या जिवाणूवर झोन (तेलाच्या कागदी डिस्कभोवती वाढ न झालेलं वर्तुळ) असा सुरेख येतो की पोरं आधी मोबाइल काढतात. माझी कटकट तिथून सुरू होते.

पण आधी वनस्पतीची ओळख. गवती चहाला आपल्याकडे फुलोरा क्वचितच येतो, त्यामुळे नुसत्या वासावर जाऊ नका. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथून नमुना प्रमाणित करून घ्या. तेलातलं पाणी निर्जल सोडियम सल्फेटने काढा आणि तेल तपकिरी बाटलीत 4 अंशांवर ठेवा. जमल्यास जीसी-एमएस (घटक वेगळे करून ओळखणारी चाचणी) करून सिट्रल, म्हणजे या तेलाचा मुख्य घटक, किती आहे ते बघा. कल्चर, म्हणजे चाचणीचे जिवाणू, ओळखीच्या लॅबमधून मागून आणू नका, पुण्याच्या एनसीआयएमसारख्या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातूनच घ्या.

आता झोन. डिस्कवर 10 मायक्रोलिटर तेल म्हणजे जवळपास 9 मिलिग्रॅम. शेजारच्या जेंटामायसिनच्या डिस्कवर असतं 10 मायक्रोग्रॅम. वजनात 900 पटींचा फरक! आणि तरी रिपोर्टमध्ये ‘अँटिबायोटिकपेक्षा प्रभावी’ असं वाक्य येतंच. त्यातून तेल अगरमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत) नीट पसरत नाही, वर त्याची वाफ झाकणाखाली कोंडते. म्हणून झोन फक्त ‘काहीतरी आहे’ एवढंच सांगतो. दोन तेलांची तुलना त्यावरून करायची नाही.

खरं उत्तर एमआयसी देते, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारं तेलाचं सगळ्यात कमी प्रमाण. 96 वेलची (छोट्या खळग्यांची) प्लेट घ्या. म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायचं द्रव माध्यम) 0.15 टक्के अगर घाला, म्हणजे तेल वर तरंगत नाही आणि तेल पाण्यात मिसळवणाऱ्या ट्वीन 80चाही घोळ राहत नाही. पहिल्या वेलमध्ये 4 टक्के तेलाचं मिश्रण 200 मायक्रोलिटर, पुढच्या नऊ वेलमध्ये नुसता ब्रॉथ 100. व्होर्टेक्स करून (जोरात घुसळून) लगेच 100-100 पुढे नेत जा, दहाव्यातलं शेवटचं 100 टाकून द्या. अकराव्यात तेल नाही, फक्त जिवाणू. बाराव्यात नुसता ब्रॉथ.

कल्चर 0.5 मॅकफार्लंडला (गढूळपणाचं ठरलेलं माप) जुळवा, ब्रॉथमध्ये 100 पट पातळ करा आणि बारावा सोडून प्रत्येक वेलमध्ये 100 मायक्रोलिटर घाला. पहिल्या वेलमध्ये तेल आता 2 टक्के झालं, हे हिशेबात धरा. प्लेट सीलिंग फिल्मने बंद करा. एका प्लेटवर एकच तेल, नाहीतर एकाची वाफ दुसऱ्याच्या ओळीतले जिवाणू मारते आणि भलत्याच तेलाला श्रेय मिळतं.

35 अंशांवर 18 तासांनी 0.015 टक्के रेझाझुरिन हा निळा रंग 30 मायक्रोलिटर घाला. दोन-चार तासांत जिथे जिवाणू वाढलेत तिथे निळा रंग गुलाबी होतो. निळ्या राहिलेल्या वेलपैकी सगळ्यात कमी तेलाची ती तुमची एमआयसी. तेल आणि रंग, पण जिवाणू नाहीत, अशी एक वेगळी ओळ लावायचीच. काही अर्क स्वतःच रंग बदलतात. ही ओळ कोणी लावत नाही आणि वायव्हाला मी नेमकं तेच विचारते.

तेल मायक्रोलिटरने घेतलं असेल तर उत्तर टक्क्यांत लिहा. मिलिग्रॅम हवे असतील तर तेलाची घनता मोजून घ्या.

सगळं किमान तीन वेगवेगळ्या दिवशी, ताज्या कल्चरवर. निळ्या वेलमधला थेंब साध्या अगरवर टाकून बघा: वाढ आली तर जिवाणू थांबले होते, मेले नव्हते. वापरलेल्या प्लेट 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच टाका.