रॅम तपासली, बायोस बदलले आणि संगणक सुरूच होईना: नेमके कोठून पाहावे

रॅमची अदलाबदल करून पाहिली, रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवली, हात लागलाच आहे तर बायोसही (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारी, मदरबोर्डवरची प्रणाली) नवे टाकले, आणि त्यानंतर संगणक सुरूच होईना, असे घडले की मदरबोर्ड गेला हीच पहिली धास्ती मनात येते. प्रत्यक्षात अशा वेळी एखादा भाग जळालेला असण्यापेक्षा रॅम नीट न बसणे किंवा बायोसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीवर जाणे, ही कारणे आधी तपासण्याजोगी असतात. विंडोज नव्याने टाकण्याची घाई तर मुळीच करू नये. सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या अडत दुकानाच्या संगणकात शेतकऱ्यांच्या वर्षभराच्या हिशोबपट्ट्या असतील, तर तेथे फॉरमॅट मारणे म्हणजे दुखण्यापेक्षा औषध जड होण्यातला प्रकार आहे.

प्रथम संगणक कोठे अडतो ते पाहावे.

पंखाही फिरत नसेल तर एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचे बटण, मदरबोर्डला जाणारी २४ पिनांची जोडणी आणि कॅबिनेटच्या पॉवर बटणाची बारीक वायर पाहावी. रॅम काढताना ही वायर निसटलेली असू शकते.

पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही, या अवस्थेत मात्र सावकाश काम करावे लागते. रॅम डीडीआर५ या नव्या प्रकारची असेल, तर रॅम किंवा बायोस बदलल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड रॅमची जुळणी करून घेतो आणि त्यात काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो. तेवढ्यात बटण दाबून संगणक बंद करणे म्हणजे ते काम अर्धवट तोडणे होय. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लागली आहे का आणि प्रोसेसरजवळची ८ पिनांची वीजजोडणी पक्की बसली आहे का, हेही पाहावे.

एवढ्याने डिस्प्ले आला नाही, तर प्लग काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे साठलेली वीज निघून जाते. अंगावरची स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून मगच रॅम काढावी. तिच्या सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात आणि रबराचा कीस झटकून टाकावा. हळदीच्या वखारीजवळच्या संगणकात पिवळसर पूड थेट स्लॉटमध्ये बसलेली दिसते; ती कोरड्या मऊ ब्रशने काढावी, तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीबरोबर ओलावाही आत जातो. नंतर एकच रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, खटका वाजेपर्यंत दाबून बसवावी. चार स्लॉटांच्या बहुतेक बोर्डांवर हीच जागा योग्य असते, तरी बोर्डाची पुस्तिका सांगेल ती प्रमाण मानावी. एका रॅमवर संगणक सुरू झाला आणि दुसरीवर झाला नाही, तर त्याच स्लॉटमध्ये दोन्ही आळीपाळीने लावून दोष रॅमचा की स्लॉटचा हे ठरवावे. अनेक नव्या बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्क) असे चार लहान दिवे असतात. जो पेटून राहतो त्या भागाकडे आधी वळावे.

यानेही जमले नाही, तर सीमॉस क्लिअर करावे, म्हणजे बायोसच्या साठवलेल्या सेटिंग्ज पुसून मूळ स्थितीवर आणाव्यात. प्लग काढलेला असतानाच पुस्तिकेत दाखवलेला जंपर (बोर्डावरच्या दोन पिना जोडणारी लहान टोपी) वापरावा, अथवा सीआर २०३२ हा बटणाएवढा सेल काढून पाच-दहा मिनिटांनी परत बसवावा. हा सेल ३ व्होल्टचा असतो. प्लग काढून ठेवला की दर वेळी तारीख मागे जात असेल, तर तो बदलावाच. स्वस्तातल्या सेलपायी लोक बोर्ड दुरुस्तीला टाकतात, हे टाळण्यासारखे आहे.

कंपनीचा लोगो येतो, पण बूट डिस्क (जिच्यावरून विंडोज सुरू होते ती) सापडत नाही असा संदेश आला, तर डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जावे. डिस्क तेथे दिसतच नसेल तर तिची केबल पाहावी. दिसत असेल तर बूटच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर वर आणावा. जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेल्या डिस्कवरून चालणाऱ्या संगणकात सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी बायोसची सेटिंग) बंद झाल्यानेही हाच संदेश येतो.

विंडोज सुरू होता होता निळा पडदा येत असेल, आणि त्यावर इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस असे लिहिलेले असेल, तर बायोसमधला साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) पूर्वी रेड (RAID) होता की एएचसीआय (AHCI), ते आठवून तोच परत लावावा. एक बदल करावा, संगणक सुरू करून पाहावा, मगच दुसऱ्याला हात घालावा. चार गोष्टी एकदम बदलल्या की नेमके कशाने काम झाले ते कळत नाही. निळे पडदे दर वेळी वेगळे येत असतील, तर एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायोसची सेटिंग) बंद करून रॅम तिच्या साध्या वेगावर चालवून पाहावी.

बायोस बदलल्यावर बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा क्रमांक, मागू शकतो. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते आणि मोबाईलवरून तेथे लॉगिन करून पाहता येते. बायोस टाकण्याआधी बिटलॉकर तात्पुरता स्थगित केला, तर हा प्रसंग येत नाही.

बायोस टाकतानाच वीज गेली असेल, तर वरचे उपाय चालत नाहीत. मागच्या बाजूस बायोस फ्लॅशबॅकचे बटण असलेल्या बोर्डावर, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून बायोस पुन्हा भरता येते. फाईल बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची आणि रिव्हिजनचीच घ्यावी, आणि तिचे नाव पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारनंतर वळवाचे ढग दाटले की वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा हे काम यूपीएसवर आणि शक्यतो सकाळीच करावे. असे बटण नसेल, तर बायोसची चिप प्रोग्रामर या उपकरणावर लावून भरणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे बोर्ड न्यावा आणि बोर्डाचे मॉडेल, रिव्हिजन व टाकलेल्या बायोसची आवृत्ती त्याला लिहून द्यावी.