दप्तरातले रंगीत कागद: अमेरिकेतल्या एलिमेंटरी शाळेत पालक म्हणून पहिलं वर्ष

शाळा सुरू होऊन आठवडा होत नाही तोच मुलाच्या दप्तरातून रंगीत कागद यायला लागतात. फन रनसाठी देणगी, बुक फेअरचं वेळापत्रक, शाळेचं नाव छापलेल्या टीशर्टची ऑर्डर, अमुक मंगळवारी अमुक रेस्टॉरंटमध्ये जेवायला या. शाळा तर फुकट आहे, मग हे पैसे कशाचे आणि ते द्यायलाच हवेत का, असं नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात विचारलं जातं. यातला एकही डॉलर सक्तीचा नाही. पण म्हणून सगळे कागद रद्दीत टाकू नका. या कार्यक्रमांतूनच शिक्षक, ऑफिसातली माणसं आणि मुलाच्या मित्रांचे आईवडील तुम्हाला ओळखू लागतात, आणि नव्या देशात पहिल्या वर्षी ही ओळख फार मोलाची असते. पैसे जमेल तसे द्या, पण वर्षाला चार-सहा तास मात्र नक्की द्या.

या मोहिमांमागे बहुधा शाळेतली पालकांची संघटना असते. पालक-शिक्षक संघ म्हटलं की महाराष्ट्रात फीवाढीच्या बैठका डोळ्यांसमोर येतात. तिथे २०११च्या शुल्क नियमन कायद्याने संघाच्या कार्यकारी समितीला फी ठरवण्यात स्थान दिलं आहे. इथल्या सरकारी शाळेत फीच नसते. इमारत आणि शिक्षकांचे पगार करांतून भागतात, आणि पालकांची संघटना त्यावरचं बघते: सहलीची बस, लायब्ररीतली जास्तीची पुस्तकं, चित्रकलेचं सामान, मैदानावरचे झोके. कामाची पद्धत आपल्या गणेश मंडळासारखीच आहे. स्वयंसेवक, वर्गणी, खजिनदार, जमाखर्च, सगळं ओळखीचं वाटेल. हिशेबाचे आणि परवानग्यांचे नियम मात्र इथे बरेच कडक आहेत.

शाळेतली संघटना पीटीए (पेरेंट-टीचर असोसिएशन) आहे की पीटीओ (पेरेंट-टीचर ऑर्गनायझेशन), हे आधी बघून घ्या. पीटीए ही राष्ट्रीय संघटनेची शाखा असते. ती संघटना १८९७ साली वॉशिंग्टनमध्ये ॲलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट यांनी मातांची परिषद म्हणून सुरू केली. तुमच्या सभासद वर्गणीतला काही भाग राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर जातो. पीटीओ त्या शाळेपुरती स्वतंत्र असते. वर्गणी बहुतेक ठिकाणी माणशी पाच ते पंधरा-वीस डॉलर असते, आणि पीटीएत मत द्यायला सभासद असावं लागतं. नवरा-बायको दोघांना मत हवं असेल तर दोघांची वर्गणी वेगळी भरावी लागते का, हे फॉर्मवरच लिहिलेलं असतं.

सगळ्यात आधी: स्वयंसेवकाची मंजुरी

हे काम सप्टेंबरातच उरका. शाळेच्या वेळात वर्गात मदत करायला किंवा सहलीला सोबत जायला बहुतेक डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) पार्श्वभूमी तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची पडताळणी, मागतात. ऑनलाइन अर्ज भरायचा असतो, ओळखपत्र दाखवायचं असतं, आणि उत्तर यायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. ऑक्टोबरातल्या पंपकिन पॅचच्या, म्हणजे भोपळ्याच्या शेताच्या, सहलीसाठी आदल्या आठवड्यात अर्ज केला तर मूल बसमध्ये बसतं आणि तुम्ही घरी राहता. इथलं ड्रायव्हिंग लायसन्स अजून नसेल तर पासपोर्ट चालेल का, हे ऑफिसात विचारा. मंजुरी दरवर्षी नवी करावी लागते का, तेही त्याच वेळी विचारून घ्या. सहलीला धाकट्या भावंडाला नेता येत नाही, त्यामुळे त्याची सोय आधी लावा.

एच-४ वर (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्यांना हमखास शंका येते: हे 'काम' तर धरलं जाणार नाही? ना-नफा संस्थेसाठी बिनपगारी आणि एरवीही स्वयंसेवकच करतात अशी मदत करायला हरकत नसते. पुस्तकं लावणं, स्टॉल सांभाळणं, कागद कापणं यात काही अडचण नाही. मोबदला म्हणून पैसे किंवा गिफ्ट कार्ड मात्र घेऊ नका. शाळा पगारी माणूस नेमते त्या जागेवर फुकट काम करणंही टाळा.

कोणत्या कागदाला किती वजन द्यायचं

संघटनेला थेट देणगी देणं सगळ्यात चांगलं, कारण त्यातलं जवळजवळ सगळं शाळेपर्यंत पोचतं. कॅटलॉगमधून कुकी डो, मेणबत्त्या किंवा गिफ्ट रॅप विकायची मोहीम असेल तर विक्रीतला मोठा वाटा, अनेकदा निम्म्याहून जास्त, विकणाऱ्या कंपनीकडेच जातो. त्यामुळे ओळखीच्यांना नको असलेली वस्तू गळ्यात मारण्यापेक्षा वीस डॉलर थेट दिलेले बरे. मुलाला अनोळखी दारांवर विकायला तर मुळीच पाठवू नका. त्या पाकिटावरच बहुधा तशी सूचना असते.

फन रन किंवा वॉकेथॉनमध्ये मुलं ठरावीक वेळ पळतात आणि नातेवाईक फेरीमागे काही रक्कम किंवा एकरकमी पैसे कबूल करतात. इथे नवे पालक हमखास फसतात: 'फेरीमागे दोन डॉलर' लिहून देतात आणि मूल पस्तीस फेऱ्या मारून येतं. एकरकमी आकडा लिहा. शिवाय या मोहिमांत अमुक रक्कम जमवली की अमुक बक्षीस अशी पाटी असते, आणि सहा-सात वर्षांचं मूल त्यावर जीव लावून बसतं. आपण किती देणार आहोत आणि त्यात कोणतं बक्षीस बसतं, हे मोहीम सुरू होण्याआधीच त्याला सांगा. पैसे दिले नाहीत तरी पळायला मिळतंच.

रेस्टॉरंट नाइटला बिलाच्या काही टक्के रक्कम शाळेला मिळते, पण ऑर्डर देताना शाळेचं नाव सांगितलं, फ्लायर दाखवला किंवा ऑनलाइन कोड टाकला तरच. डिलिव्हरी ॲपवरून मागवलेलं बऱ्याचदा धरलं जात नाही. त्या दिवशी रेस्टॉरंटच्या दारात उभं राहून फ्लायर वाटायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. असं सापडलं तर शाळेचा वाटा रद्दही होतो.

बुक फेअरची खोच सेल्स टॅक्समध्ये आहे. अनेक राज्यांत छापील किमतीवर टॅक्स लागतो, त्यामुळे ९.९९ डॉलरच्या पुस्तकासाठी दहाची नोट घेऊन गेलेलं मूल काउंटरवर रडवेलं होतं. दोन-तीन डॉलर जास्त द्या, पैसे नाव लिहिलेल्या झिप पाकिटात घाला, आणि रबर-पेन्सिली घ्यायच्या की पुस्तकच, ते घरीच ठरवा. फेअर लावायला, आवरायला आणि बिलं करायला माणसं नेहमीच कमी पडतात. पहिल्या वर्षी हात लावायला याहून सोपं काम नाही: दोन तासांची पाळी, ठरलेली जागा, आणि शाळेतली सगळी मुलं नजरेखालून जातात.

आयटीत असाल तर कंपनीच्या मॅचिंगकडे, म्हणजे तुमच्या देणगीला जोड देण्याच्या योजनेकडे, दुर्लक्ष करू नका. तुम्ही दोनशे दिले की कंपनी आणखी दोनशे देते, असं अनेक ठिकाणी आहे. काही कंपन्या स्वयंसेवेच्या तासांनाही पैसे देतात. यासाठी संघटनेचा ईआयएन (करखात्याकडचा ओळख क्रमांक) खजिनदाराकडून घ्या आणि कंपनीच्या पोर्टलवर तोच टाकून शोधा. नुसत्या नावाने शोधलं तर गोंधळ होतो, कारण लिंकन एलिमेंटरी गावोगावी आहेत, आणि शाळा, डिस्ट्रिक्टचं फाउंडेशन व पीटीए यांचे ईआयएन वेगवेगळे असतात. मॅचिंगचा अर्ज भरायची मुदतही बघा. वर्ष संपलं की ती बहुधा हुकते.

इंटरनॅशनल नाइटचं टेबल

शाळेतली कुटुंबं आपापल्या देशाचं टेबल मांडतात त्या संध्याकाळच्या कार्यक्रमाला इंटरनॅशनल नाइट म्हणतात. यात मराठी पालक हौसेने उतरतात आणि नेमके इथेच अडतात. भारताचं टेबल एकच असेल तर गुजराती, तमिळ, पंजाबी पालकांशी महिनाभर आधी बोलून घ्या, नाहीतर चारही घरं ताजमहालाचेच फोटो आणतात. टेबल बहुधा सहा फुटी मिळतं. त्यावर तीन घड्यांचा बोर्ड उभा केला की निम्मी जागा संपते, म्हणून मांडणी घरी जमिनीवर टेपने माप आखून एकदा करून बघा.

पदार्थांबद्दल पहिला प्रश्न: घरी केलेलं चालतं का? अनेक डिस्ट्रिक्टमध्ये फक्त दुकानातलं, सीलबंद आणि घटकांची यादी छापलेलंच चालतं. शाळेच्या दिवसात मुलांना खाणं विकायचं असेल तर २०१४पासून केंद्राचे पोषणनियमही लागू आहेत. मध्यरात्रीपासून शाळा सुटल्यावर अर्ध्या तासापर्यंतचा वेळ त्यात मोडतो, आणि एका स्नॅकला दोनशे कॅलरींची मर्यादा आहे. मोजक्या मोहिमांना राज्यं सूट देतात. संध्याकाळच्या कार्यक्रमाला हा नियम लागत नाही, पण ॲलर्जीची काळजी तेव्हाही तितकीच घ्यावी लागते.

याबाबत आपल्या स्वयंपाकघराला फार सावध राहावं लागतं. अमेरिकेत मुख्य ॲलर्जीकारक पदार्थ नऊ धरले जातात: दूध, अंडं, मासे, कवचातले जलचर, झाडावरचा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोया, आणि १ जानेवारी २०२३पासून तीळ. म्हणजे तिळगूळ गेला, तीळ घातलेली चकली गेली, शेंगदाणे-काजू घातलेला चिवडा गेला, दाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी गेली. शंकरपाळ्यांत गहू आहे आणि बहुतेक घरी दूध-तूपही. लाडवातलं तूप म्हणजे दूधच. आणि सगळ्यात लपून बसणारी गोष्ट म्हणजे हिंग: बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे 'यात गहू नाही' असं लिहिण्याआधी डबी वाचा. प्रत्येक पदार्थापुढे घटकांचं कार्ड ठेवा, प्रत्येकाला वेगळा चमचा द्या, आणि खात्री नसेल तर तसंच स्पष्ट लिहा. कोणी विचारलं, 'यात नट्स आहेत का?' तर 'थोडेसेच आहेत' हे उत्तर धोक्याचं आहे.

प्रमाण छोटं ठेवा. दोन औंसाच्या कपात चार चमचे भेळ पुरते, आणि दोनशे माणसांच्या कार्यक्रमाला दीडशे कप भरपूर होतात. मसाल्याला हात आखडता घ्या.

खाण्यापेक्षा करायला काही दिलं तर मुलं टेबलापाशी थांबतात. देवनागरीत नाव लिहून देणं यात सगळ्यात सरस. जाड मार्कर आणि बुकमार्कएवढ्या कार्डशीटच्या पट्ट्या पुरतात, आणि एका नावाला मिनिटही लागत नाही. मूल ते घरी नेऊन फ्रिजवर लावतं. रांगोळी जिमच्या (शाळेच्या खेळाच्या हॉलच्या) लाकडी जमिनीवर घालू नका: पावडरीवरून पाय घसरतात आणि कस्टोडियनला (साफसफाई बघणाऱ्या कर्मचाऱ्याला) ती फटींतून काढावी लागते. काळ्या फोम बोर्डवर गोंद लावून घातली तर उचलून ठेवता येते. मेंदीचा विचार असेल तर आधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. एफडीएने (अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने) मेंदीला केसांच्या रंगापुरतीच मान्यता दिली आहे, त्वचेवर लावण्यासाठी नाही, त्यामुळे काही शाळा नाही म्हणतात. हो म्हणाल्या तर पालक समोर असल्याशिवाय मुलाच्या हाताला कोन लावू नका, आणि 'ब्लॅक हेना' तर आणूच नका. त्यातल्या रसायनाने फोड येऊ शकतात. एका हाताला तीन मिनिटं धरली तर दोघीजणी तासाभरात चाळीस हात करतात. रांग तिथेच थांबवा.

पैसे हातात येतात तेव्हा

कॅश बॉक्सवर बसायची पाळी आली तर सुरुवातीची सुटी रक्कम मोजून सही करा. एक आणि पाचच्या नोटा भरपूर मागून घ्या. सगळे विसाच्या नोटा घेऊन येतात. शेवटी मोजणी दोन माणसांनी एकत्र करायची आणि दोघांनी फॉर्मवर सही करायची, पण ती दोघं एकाच घरातली नकोत. रोकड रात्री कोणाच्या घरी ठेवू नये. कोणी म्हणालं, 'तुझ्या झेलवर (बँक खात्यात पैसे पाठवायच्या सेवेवर) पाठवते, तू नंतर दे,' तर नम्रपणे नाही म्हणा. संघटनेचे पैसे स्वतःच्या खात्यातून गेले की हिशेब कितीही चोख असला तरी संशयाला जागा राहते.

देणगी २५० डॉलर किंवा जास्त असेल तर करवजावटीसाठी संस्थेची लेखी पोच लागते. लिलावात शंभर डॉलरचं जेवण दीडशेला घेतलं तर देणगी फक्त पन्नासची. रॅफलचं (बक्षिसाच्या सोडतीचं) तिकीट देणगी धरलं जात नाही, आणि रॅफल ठेवायला अनेक राज्यांत परवानाही लागतो.

वर्गाच्या पातळीवर रूम पॅरेंट (त्या वर्गाचं काम बघणारे स्वयंसेवक पालक) शिक्षकांच्या भेटीसाठी पैसे गोळा करतात, विशेषतः मे महिन्याच्या पहिल्या पूर्ण आठवड्यातल्या शिक्षक कौतुक सप्ताहासाठी. हेही ऐच्छिक असतं, आणि कार्डावर सगळ्यांची नावं येतात. व्हॅलेंटाइनची कार्डं आणायची तर वर्गातल्या एकूण एक मुलासाठी आणा.

साइन-अप यादीत नाव घातलंत की तुम्ही येणार हे ठरलं. 'बघते, जमवते' हे आपल्याकडचं सौम्य नकाराचं बोलणं इथे होकार म्हणून लिहिलं जातं. जमणार नसेल तर दोन दिवस आधी कळवा. त्याने कोणी नाराज होत नाही. न सांगता गैरहजर राहिलं तर पाळीवरचा माणूस अडकतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पुढच्या वर्षीच्या पदांसाठी विचारणा होते, आणि हिशेबात चोख वाटणाऱ्या माणसाला खजिनदार व्हायला सांगितलं जातं. होकार देण्याआधी गेल्या दोन वर्षांचं बजेट, बँकेच्या खात्यावर सह्या कोणाच्या आहेत ती नावं, आणि आयआरएसला (केंद्रीय करखात्याला) ना-नफा संस्थेचं वार्षिक विवरण, म्हणजे फॉर्म ९९०, कधी भरला याचा पुरावा मागून घ्या. वर्षाची जमा साधारण पन्नास हजार डॉलरपर्यंत असेल तर ९९०-एन ही छोटी ऑनलाइन नोंद पुरते. हिशेबाचं वर्ष ३० जूनला संपत असेल तर तिची मुदत १५ नोव्हेंबर. सलग तीन वर्षं ती भरायची राहून गेली तर करमुक्त दर्जा आपोआप जातो, आणि तो परत मिळवायचं काम नव्या खजिनदाराच्या गळ्यात येतं.