हायड्रोजन गाळणारं सिरॅमिक मेम्ब्रेन: २० मायक्रॉनचा थर मोठ्या प्रमाणात कसा काढायचा

आधीच सांगतो, भट्टीतून मेम्ब्रेनची (म्हणजे गाळणाऱ्या पडद्याची) वाकडी टाइल निघाली की लगेच भट्टीच्या नावाने बोटं मोडू नका, बहुतेक वेळा घोळ स्लरीत, म्हणजे पावडरच्या पातळ लगद्यात झालेला असतो.

मटेरियल म्हणजे यिट्रियम घातलेलं बेरियम सिरेट-झिर्कोनेट (बेरियम, सिरियम आणि झिर्कोनियमचं ऑक्साइड). ६००-९०० अंशाला हायड्रोजन यातून प्रोटॉन होऊन पलीकडे जातो, पण सोबत इलेक्ट्रॉनलाही जायला रस्ता हवा नाहीतर गाडी तिथेच अडते, म्हणून त्यात गॅडोलिनियम घातलेला सिरिया (सिरियम ऑक्साइड) मिसळायचा. थर जितका पातळ तितका हायड्रोजन जास्त सुटतो, पण २० मायक्रॉनचा थर स्वतःच्या जिवावर उभा राहत नाही म्हणून खाली त्याच मटेरियलचा सच्छिद्र आधार, त्यात स्टार्च घालायचा, तो जळून गेला की भोकं तयार.

आता स्लरी. इथे घाई नको. पावडर, सॉल्व्हंट आणि डिस्पर्संट (कण सुटे ठेवणारा पदार्थ, माशाचं तेल सुद्धा चालतं, खरंच) एवढंच बॉल मिलमध्ये (गोळ्या घातलेल्या फिरत्या डब्यात) दिवसभर फिरवा आणि त्यानंतरच बाइंडर (कण धरून ठेवणारा) आणि प्लास्टिसायझर (थर लवचीक ठेवणारा) टाकून परत फिरवा. सगळं एकदम ओतलंत तर बाइंडर आणि डिस्पर्संट दोघंही पावडरच्या कणांवर जागा पकडायला भांडतात आणि गुठळ्या राहतात. मग जाळीतून गाळा, व्हॅक्यूममध्ये हळू ढवळून हवा काढा. फेस दिसेनासा झाला म्हणजे काम झालं असं नाही, बारीक बुडबुडे आत असतात, अजून थोडा वेळ द्या.

टेप कास्टिंगला, म्हणजे स्लरीचा पातळ थर पसरवताना, पॉलिस्टर फिल्म खालून सरकते आणि ब्लेड वरून थर सारखा करते. वाळल्यावर जाडी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी होते, ब्लेडची फट त्या हिशोबाने ठेवा. आणि धूळ! २० मायक्रॉनच्या थरात २० मायक्रॉनचा कण पडला की तिथे आरपार भोकच, म्हणून कास्टिंगची खोली स्वच्छ हवी आणि वाळवताना पंखा अजिबात नको, वरची साल आधी सुकते आणि चिरा पडतात.

थर आणि आधार गरम दाबून एकजीव करा. मग बाइंडर जाळायचा, मिनिटाला अर्धा ते एक अंश, ५००-६०० पर्यंत. कंटाळवाणं आहे पण वेग वाढवला तर गॅस बाहेर पडायला जागा शोधतो आणि टाइलला फोड येतात.

खरी परीक्षा १५०० अंशाच्या आसपास. समजा टाइल २० टक्के आक्रसते, म्हणजे १०० मिलिमीटर हवी तर १२५ ची कापावी लागेल. थर आणि आधार एकाच वेळी, एकाच वेगाने आक्रसले नाहीत तर टाइल पापडासारखी वळते. डायलॅटोमीटरवर (तापवताना आक्रसणं मोजणारं यंत्र) दोघांचे आलेख एकमेकांवर ठेवून बघा, जुळत नसतील तर स्टार्चचं प्रमाण किंवा पावडरचा बारीकपणा बदला, भट्टीची सेटिंग्ज नंतर. एवढ्या तापमानाला बेरियम उडून जातो म्हणून टाइलभोवती त्याच मटेरियलची पावडर पसरतात. खाली अल्युमिनाची प्लेट ठेवू नका, बेरियम तिला खातो आणि टाइल चिकटून बसते, झिर्कोनियाची बरी.

तपासणीला आधी रंगीत अल्कोहोल, थराच्या बाजूने लावायचं आणि मागे ठिपका उमटला की टाइल बाद. उरलेल्यांवर हीलियम लीक टेस्ट. हायड्रोजन लावायचा तो यातूनही पास झालेल्यांनाच. आणि वापरणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, सिरेट जास्त असलेलं मटेरियल कार्बन डायऑक्साइडसमोर टिकत नाही, बेरियम कार्बोनेट होऊन बसतं, तसला गॅस असेल तर झिर्कोनेट वाढवावं लागेल आणि मग भट्टी अजून तापवायची तयारी ठेवा.