धायटीची फुले कशी तोडावीत आणि वाळवावीत

पन्हाळ्याच्या उतारांवर आणि शाहूवाडी, गगनबावडा भागातील मुरमाड डोंगरकडांवर माघ-फाल्गुनात धायटी लालभडक फुलते. आयुर्वेदात धातकी म्हणून ओळखली जाणारी ही फुले आसवे-अरिष्टे, म्हणजे आंबवून केलेली पातळ औषधे, मुरवताना वापरतात. फुलांवर आणि फुलांतील मधात (मकरंदात) असलेले नैसर्गिक यीस्ट आंबवण्याला चालना देते आणि टॅनिनमुळे तुरटपणा येतो. त्यामुळे फूल तोडल्यापासून बरणीत जाईपर्यंत मध आणि रंग टिकवण्याकडेच सगळे लक्ष द्यावे.

ओळख आधी पक्की करावी. धायटी मेंदीच्या कुळातील झुडूप असून तिच्या लवचिक फांद्या कमानीसारख्या खाली झुकतात. पाने समोरासमोर असतात आणि त्यांच्या फिकट पाठीवर बारीक काळे ठिपके दिसतात. फुलात डोळ्यांत भरते ती पाकळी नव्हे, तर किंचित वाकलेली निदलपुंजाची, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या आवरणाची, लाल नळी. तिच्या तोंडातून पुंकेसर बाहेर डोकावतात आणि पाकळ्या इतक्या लहान असतात की शोधाव्या लागतात.

फुले स्वतःच्या बांधावरची किंवा मालकाला विचारून घ्यावीत. राधानगरी अभयारण्यातून ती मुळीच आणू नयेत, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तेथे परवानगीशिवाय वनस्पती तोडता येत नाहीत. हमरस्त्यालगतची, धूळ आणि धूर बसलेली झुडपेही टाळावीत.

दव सुकल्यावर, ऊन चढण्यापूर्वी, पूर्ण उमललेली टवटवीत फुले हाताने खुडावीत. फांदी ओरबाडू नये, कोयता तर लावूच नये. प्रत्येक झुडपावर निम्म्याहून अधिक फुले राहू द्यावीत. शिंजिरासारखे पक्षी आणि मधमाश्या याच मधावर येतात, आणि बी धरले तरच माळावर नवी रोपे उगवतात. आधीच वणव्यांनी होरपळणाऱ्या आपल्या डोंगरांवर ही काळजी घेतलीच पाहिजे.

घरी आणल्यावर फुले धुऊ नयेत, कारण पाण्याबरोबर मध वाहून जातो आणि बुरशी लवकर धरते. देठ, पाने व किडे निवडून काढावेत आणि स्वच्छ सुती कापडावर पातळ थर पसरून हवेशीर सावलीत, रोज वरखाली करत, चुरचुरीत होईपर्यंत वाळवावे.

औषध म्हणून मात्रा वैद्यांनीच ठरवावी. गर्भवतींना आणि लहान मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नये.

वाळलेली फुले कोरड्या काचेच्या बरणीत, अंधाऱ्या जागी ठेवावीत. गगनबावड्यासारख्या अतिपावसाच्या भागात पावसाळाभर बरणी अधूनमधून तपासावी आणि कुबट वास आल्यास ती फुले पुन्हा न वाळवता टाकून द्यावीत.