अंडी घटली? टॉनिक आणण्याआधी रात्री खुराड्यात बॅटरी मारून पाहा

परतीचा पाऊस उघडून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी-राधानगरीपासून शिरोळपर्यंत परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते: कोंबड्या खातात-पितात, पण अंडी देत नाहीत. या तक्रारीमागे अनेक कारणे असू शकतात. परंतु आमच्या पाहण्यात सर्वाधिक नुकसान एकाच दुर्लक्षामुळे झाले आहे, ते म्हणजे खुराडे आतून, आणि तेही रात्री, कोणीच पाहत नाही. पावसाळाभर ओल धरलेल्या फळ्यांच्या चिरा, डालग्याच्या कामट्यांमधील सांदी आणि बैठकीच्या काठीची खालची बाजू या ठिकाणी लाल माइट (गोचिडीसारखाच, पण अगदी बारीक जीव) आणि कोंबड्यांची गोचीड दिवसा दडून बसतात व अंधार पडल्यावर बाहेर येऊन रक्त पितात. त्यामुळे दिवसा कोंबडी हातात घेऊन पिसे चाळली तरी काही सापडत नाही आणि पालक निर्धास्त राहतो.

सध्याच्या दमट उष्णतेत माइटची एक पिढी साधारण आठवडा-दीड आठवड्यात तयार होते, म्हणून ही पाहणी दिवाळीनंतरवर ढकलू नये. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन काठीचे सांधे पाहावेत, किंवा काठीखाली पांढरे फडके रात्रभर बांधून सकाळी ते दोन बोटांत चोळावे. लालसर डाग उठला तर निदान झाले. फिकट पडलेला तुरा, अंड्यावरील बारीक तांबडे-काळे ठिपके आणि खुडूक कोंबडीने अंडी अर्ध्यात सोडून उठणे याही खुणा आहेत. शिफारशींच्या पुस्तकात नसलेली, पण आम्हांस क्वचितच चुकलेली एक खूण अशी की, कोंबड्या दिवेलागणीला खुराड्यात शिरायला नाखूश असतील आणि शेवग्यावर चढून बसत असतील, तर दोष कोंबड्यांचा नसून खुराड्याचा असतो.

उपाय खर्चाचा नाही, पण तो अर्धवट करून चालत नाही. कोंबड्या बाहेर काढून जुना पेंढा व तूस जाळावे, चिरा खरवडून त्यांत उकळते पाणी ओतावे, खुराडे दोन दिवस कडक उन्हात वाळवावे आणि आतून चुन्याचा दाट हात द्यावा. प्रादुर्भाव जास्त असेल तर १.२५ टक्के डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक २ मि.लि. प्रतिलिटर पाण्यात मिसळून केवळ रिकाम्या खुराड्यात, लेबलवरील सूचना वाचून व पशुवैद्यकांना विचारून फवारावे. खाद्य, पाणी व अंडी आधी हलवावीत आणि उरलेले द्रावण ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, कारण ते माशांना अत्यंत विषारी असते. माइटच्या अंड्यांतून नंतर निघणारी नवी पिलावळ पहिल्या फवारणीतून वाचते, म्हणून ७ ते १० दिवसांनी हेच सर्व पुन्हा करावे. बहुतेकजण येथेच थांबतात आणि महिन्याभरात पुन्हा पहिल्या जागी येतात. कोंबड्यांना अंग घुसळण्यासाठी कोरडी माती व शेणीची राख भरलेली पाटी कायम ठेवावी. निर्गुडीचा पाला खुराड्यात अंथरण्याची जुनी पद्धत आम्हीही पाळतो, मात्र केवळ तिच्यावर भिस्त ठेवू नये.

दुकानदार मात्र अशा वेळी अंडीवाढीचे टॉनिक व द्रवरूप कॅल्शियम हातात देतो. रक्त कमी झालेल्या कोंबडीला बाटलीने अंडे येत नाही, आणि कॅल्शियमची खरी गरज शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्यांची टरफले वेगळ्या वाटीत ठेवूनही भागते.

खुराडे स्वच्छ निघाले तरच पुढील कारणांकडे वळावे. भरपूर अंड्यांसाठी दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो, तर कोल्हापुरात डिसेंबरचा दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. शिवाय याच काळात जुन्या कोंबड्यांची पिसे झडतात व दोन-तीन महिने अंडी थांबतात, हा आजार नव्हे. गावरान कोंबडीकडून वर्षाला ६० ते ८० अंड्यांहून अधिक अपेक्षा ठेवू नये. मोकाट कोंबड्या उसाच्या फडात किंवा कडब्याच्या गंजीत अंडी घालत असतील, तर ती मुंगूस खातो आणि बोल कोंबडीला लागतो. सोयाबीनची मळणी सुरू असल्याने कच्चे सोयाबीन समोर टाकले जाते. ते भाजल्याशिवाय कोंबडीला नीट पचत नाही.

नित्याची कामे:
- पाणी: दररोज ताजे, कोंबडीमागे पाव लिटर.
- खाद्य: मका, कणी, कोंडा, शेंगपेंड; मात्र बुरशी आलेली पेंड वर्ज्य.
- जंतनाशक: दर तीन महिन्यांनी, मात्रा पशुवैद्यकांकडून.
- राणीखेत (मानमोडी) रोगाची लस: वेळापत्रकाप्रमाणे.

अंडी एकाएकी बंद होऊन हिरवट हगवण, मान वाकडी होणे किंवा लागोपाठ मरतूक दिसली, तर वरील काहीही करत बसू नये. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे, उरलेल्या कोंबड्या बाजारात नेऊ नयेत आणि मेलेले पक्षी डॉक्टरांनी पाहिल्यानंतर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत.